दुबार पेरणी

आयपीएलच्या लिलावात लखनौनं ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं आणि माझ्या फँटसी संघात मी त्याला कर्णधार केलं. 24 मार्च 2025 ला विशाखापट्टणमला तो शून्यावर बाद झाला, तेव्हा देशभर हळहळ झाली ती फक्त 27 कोटींची. माझं कुणी नावसुद्धा काढलं नाही. आमच्या लीगमध्ये शून्याला उणे दोन गुण आणि कर्णधाराचे गुण दुप्पट, म्हणजे उणे चार. आदल्याच संध्याकाळी चेपॉकवर माझा उपकर्णधार रोहित शर्मा चार चेंडू खेळून असाच परतला होता. उपकर्णधाराला दीडपट, म्हणजे उणे तीन. संघाची धुरा ज्यांच्या खांद्यावर दिली, त्या दोघांनी मिळून मला सात गुणांनी कर्जात घातलं.

लीग घरगुती. पैसे लावायचे नाहीत ही अट बायकोची. पुढं ऑगस्टमध्ये संसदेनंही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण आमच्या घरात तो कायदा आधीपासून लागू होता. नियम भाच्यानं केलेले: अकरा गडी, पूर्ण हंगाम, रोज एक बदली फुकट. हिशेबही तोच ठेवतो, त्यामुळे सगळ्यांचा त्याच्यावर संशय आहे. माझ्या संघाचं नाव ‘कुंडलिका किंग्ज’, आमच्या नदीवरून. “मामा, नाव शोभतंय,” तो म्हणाला, “नदीत पाणी नाही अन् तुमच्या बॅटिंगमध्येपण नाही.”

पोराला काय कळतंय! क्रिकेटची जाण जालन्याच्या माणसाला उपजतच असते. हे गाव विजय झोलचं. सतराव्या वर्षी, 2011 मध्ये, कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्यानं नाबाद 451 केल्या. 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. उपकर्णधार संजू सॅमसन, आणि हाताखाली श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान. आमच्याकडं कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा, विजयला गल्लीत किमान एकदा बाद केलेला माणूस भेटतोच. इतक्या जणांनी इतक्या वेळा बाद केल्यावर त्या पोराला 451 करायला वेळ कधी मिळाला, हे कोडंच आहे. मी त्याला बाद केल्याचा दावा करत नाही. पण पेपरात तो आकडा वाचून ‘हा पुढं जाणार’ असं मी दुकानात मोठ्यानं म्हणालो होतो. माझ्या जाणकारीचा पाया तो आहे, आणि तो पक्का आहे.

तर जाणकारानं काय केलं? 23 मार्चला इशान किशननं हैदराबादकडून 47 चेंडूंत नाबाद 106 ठोकल्या. मी लगेच त्याला संघात घेतलं आणि पंतच्या शून्यानंतर कर्णधारपद दिलं. 27 तारखेला तो पहिल्याच चेंडूवर गेला. बळी घेणारा शार्दूल ठाकूर. आपला पालघरचा शार्दूल, ज्याला लिलावात कुणी हात लावला नव्हता आणि जो मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौत आला होता. त्या सामन्यात त्यानं चार बळी घेतले. शार्दूल कुणाच्या संघात होता, हे सांगायची गरज आहे का? भाच्यानं त्या रात्री ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, नुसता चहाच्या कपाचा फोटो टाकला.

इथं मला थोडं सोयाबीनविषयी बोललंच पाहिजे. घरातले म्हणतात, तुम्ही कुठूनही सोयाबीनवर येता. येणारच. बियाणं विकतो. ज्या गावात बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये ‘महिको’ ही बियाण्याची कंपनी काढली आणि 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला, त्या गावात बियाण्यावर न बोलणारा माणूस परगावचा समजावा.

सोयाबीनच्या पिशवीवर लेबल असतं: उगवणशक्ती किमान 70 टक्के. शंभर दाण्यांतले तीस आलेच नाहीत तरी ते बियाणं चांगलंच, हे सरकारनं लिहून दिलेलं असतं. तरी मी गिऱ्हाइकाला सांगतो, घरी तपासून घ्या. गोणपाट भिजवा, पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. दाणे सरळ रेषेत मांडायचे, नाहीतर मोजताना भांडणं होतात. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आणि उघडून बघू नका! हे मी दोनदा सांगतो, तरी लोक दुसऱ्या दिवशी उघडतात, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला दाखवतात आणि चौथ्या दिवशी माझ्याकडं येतात. आठवडाभरानं मोजायचं. सत्तर निघाले तर पेरा, कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवा. शिवाय सोयाबीनचं टरफल फार पातळ. उंचावरून पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो, बाहेरून मात्र काही दिसत नाही. आमच्या हमालाला मी रोज ओरडतो, “आपटू नको रे, जीव आहे त्यात.” तो म्हणतो, “शेठ, माझ्यातपण आहे.” मग मी एका बाजूनं हात लावतो. खोल पेरलं तरी येत नाही. ओल कमी असताना पेरलं तरी येत नाही. म्हणून कृषी खातं दरवर्षी सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, आणि हेच मी वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून, हात वर करून, पंचाच्या थाटात सांगत आलोय.

असा हा थांबायला सांगणारा माणूस. अभिषेक शर्मा माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होता. 24, 6, 1, 2, 18. पाच डाव. मी रोज गोणपाट उघडून बघत होतो. 12 एप्रिलला दुपारी, दुकानात सामसूम असताना, मी त्याला काढून टाकला. संध्याकाळी हैदराबादला पंजाबविरुद्ध त्यानं 55 चेंडूंत 141 केल्या. शतक झाल्यावर खिशातून एक चिठ्ठी काढून कॅमेऱ्याला दाखवली, हे शतक ऑरेंज आर्मीसाठी, म्हणजे हैदराबादच्या चाहत्यांसाठी. दुसऱ्या टोकाला असलेल्या ट्रॅव्हिस हेडनं नंतर सांगितलं, की ती चिठ्ठी सहा सामने त्याच्या खिशात होती.

सहा सामने! म्हणजे एका धावेवर बाद झाला तेव्हाही ती खिशात होती. दोन धावांवर परत फिरला तेव्हाही होती. पॅड सोडताना रोज ती हाताला लागत असणार. मला त्या रात्री झोप आली नाही, आणि पहिल्यांदाच कारण गुणांचं नव्हतं. लेबलावर लिहिलेलं नसतं ते हे.

सकाळी अर्थात गुणांचं दुःख परत आलं.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. 2015 मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरले आणि शेवटी ईडन गार्डन्सवर करंडक उचलला. 2024 मध्ये बेंगळुरू पहिल्या आठांतले सात हरूनही बाद फेरीत पोचलं. भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “मामा, त्यांनी टीम बदलली नव्हती.” साफ खोटं, काही बदल केले होते. पण त्याच्या म्हणण्यात मुद्दा होता हे खरं. मग मी त्याला अमेरिकेतलं सांगितलं. हा फँटसीचा खेळ बेसबॉलवरून आला. डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकानं 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच हॉटेलात मित्र जमवून तो सुरू केला, पेपरातले आकडे कापून हातानं बेरजा करायचे. आणि तो ओक्रेंट स्वतः ती लीग कधीच जिंकला नाही. संस्थापकाला जे जमलं नाही ते मला जमलं नाही, यात कमीपणा कसला?

पंतचं प्रकरण मात्र घरात पेटलं. पुढच्या सामन्यांत 15, 2, 2. मी त्याला काढतोय हे बायकोनं पाहिलं. तिला क्रिकेटमधलं फार कळत नाही असं मी समजत होतो. ती म्हणाली, “डिसेंबर बावीसमध्ये अपघातात त्याची गाडी जळाली तेव्हा पोरगं पायावर उभं राहील का, असं म्हणत होता तुम्हीच. आता दोन धावा केल्या तर काढताय?” मी म्हणालो, हा भावनेचा खेळ नाही. तिनं भाजी निवडता निवडता नुसतं बघितलं. मी काढला तरी. 27 मे ला, साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, त्यानं नाबाद 118 केल्या आणि शतकानंतर मैदानात कोलांटी मारली. लखनौ हरलं ते सोडा. त्या गुडघ्यावर ती कोलांटी! तोवर तो भाच्याकडं गेला होता. बायको म्हणाली, “बरं झालं, पोरगं चांगल्या घरी पडलं.”

त्या वर्षी मे भलताच ओला गेला. मोसमी पाऊस 26 मे ला मुंबईत पोचलासुद्धा. लोकांना वाटलं, आता काय, धरा तिफण. मग पावसानं दडी मारली. जूनच्या मध्याला परतूरकडचा एक शेतकरी दुकानात आला. “उगवंना गेलंय, शेठ. दुसरी बॅग द्या. लिहून ठेवा.”

मला एप्रिलभर बदली फुकट होती. बोटानं एक नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, रात्री शांत झोपायचं. या माणसाची बदली म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं, आणि सगळं उधारीवर. दुबार पेरणीत दुकानदाराचा गल्ला दुसऱ्यांदा भरतो हे उघड आहे. कुणी तोंडावर म्हणत नाही इतकंच. मला स्वतःला ते दर जूनला बोचतं, म्हणून मी जरा जास्तच जोरात थांबा म्हणतो की काय, कोण जाणे.

“आठ दिवस थांबा,” मी म्हणालो. “माती उकरून बघा. दाणा फुगलेला असेल तर येईल. घाई करू नका.”

त्यानं पिशवीवरचा हात काढला नाही. “अभिषेकला तुम्ही किती थांबला होता?”

भाचा गल्ल्यावर बसतो तेव्हा गिऱ्हाइकांना बियाण्याची कमी आणि माझ्या संघाची माहिती जास्त देतो, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला ठणकावून सांगितलं, की क्रिकेट वेगळं अन् शेती वेगळी. आणि दोन चहा सांगितले.