दोन विटांचे पथ्य

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. अन्न खाली जाऊ द्यायचे आणि आम्ल वर येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. ती अवेळी सैल पडली की छातीत जळजळते, घशाशी आंबट येते. जयपूरच्या राजा पार्कात या कडीला बारमाही जादा कामाचा भत्ता लागू व्हायला हवा.

फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी हा भाग गजबजवला. त्यांचे छोले-भटुरे इथे रुजले. कांद्याची कचोरी आणि तुपात बुडालेली बाटी राजस्थानची होतीच. फाळणीने तोडलेले बरेच काही इथल्या जठरात एकत्र आले. तुपातेलाचे जेवण जठरात रेंगाळते आणि कडीही ढिली करते. खापर मात्र मिरचीवर फुटते, कारण तिसऱ्या भटुऱ्याला दोष देणे जिवावर येते. थोडे थोडे खावे, हा सल्ला सर्वांना मान्य आहे. तो शेजाऱ्याने पाळावा असेही सर्वांना वाटते.

जेवण आणि झोप यांत तीन तास जावेत. पण दुकानाचे शटर पडल्यावर ताट वाढले जाते, त्यामुळे इथे हे अंतर टीव्हीचा रिमोट सापडेपर्यंतचे असते. शतपावली ताटापासून पलंगापर्यंत होते.

मग उपचार. फसफसणाऱ्या चूर्णातल्या सोड्याने आम्ल मारले जाते, वायू सुटतो, दणदणीत ढेकर येते आणि कुटुंब रोगमुक्ती जाहीर करते. त्या ढेकरेसाठी कडी पुन्हा उघडलेली असते, याची नोंद कोणी घेत नाही. वर पुदिन्याची गोळी. पुदिनाही कडी सैल करणाऱ्यांतलाच. ओमेप्राझोल न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचे औषध, ते इथे मेजवानीनंतर बडीशेपेसोबत घेतले जाते. काश्यपसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथाने न हटणाऱ्या अम्लपित्तावर देशांतर सुचवले आहे. हा उपाय रुग्णापेक्षा जागेच्या दलालाला अधिक पटेल.

सर्वांत स्वस्त उपायाची तर कुठे जाहिरातच नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचलावी. त्या बाजूच्या प्रत्येक पायाखाली दोन विटा पुरतात. उशांची चळत चालत नाही, कारण तिने कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबले जाते. अडचण अशी की नव्या फ्लॅटांतल्या पेटीपलंगांना पायच नसतात आणि पोटात डझनभर जयपुरी रजया असतात. असे पलंग असणाऱ्यांनी पाचरीच्या आकाराची गादी घ्यावी. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातले आम्ल कडीच्या खाली राहते. सुटलेले पोट उतरवणे, नाडा सैल बांधणे, तंबाखू आणि दारू सोडणे ही पथ्येही आहेतच. पैकी नाड्याचे तेवढे लगेच पाळले जाते.

घास अडकणे, काळे शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणे यांवर घरगुती पथ्य नाही, डॉक्टर गाठावा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात उतरली, दरदरून घाम फुटला, तर ढेकरेची वाट पाहू नये. दुखणे हृदयाचे असू शकते, आणि सवाई मानसिंह रुग्णालय राजा पार्कापासून फार दूर नाही.