अकरा महिन्यांचा पाव्हणा

कोल्हापुरात भाड्याचं घर मिळवायला अर्ज लागत नाही, तोंडी परीक्षा लागते. मुंबईत एजंट आधी पगाराची स्लिप मागतो. इथे मालक दारातल्या कट्ट्यावर बसलेला असतो. तो आपल्याला चपलांपासून चष्म्यापर्यंत एकदा नीट बघून घेतो आणि विचारतो, "गाव कंचं?"

बँकेतली बदली घेऊन मी नाशिकहून आलो होतो, म्हणून "नाशिक" म्हणालो. हे उत्तर चालत नाही. नाशिक म्हणजे राहायचं ठिकाण. गाव म्हणजे जिथे चुलत्याशी बांधावरून अजून बोलणं बंद आहे ते. "मूळचे सिन्नरकडचे," असं सांगितल्यावर मालक खिन्न होत. सिन्नरला कोणाचंच कोणी निघत नसे. आणि ज्याच्या गावात आपलं कोणी नाही, त्याने भाडं बुडवलं तर सांगायचं कोणाला?

त्याआधी नदीकडच्या बाजूची काही घरं बघून झाली होती. नवख्याला एजंट प्रथम तीच दाखवतो. तळमजला, हवेशीर, भाडं वाजवीपेक्षा कमी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43. पावसाळ्यात इथली माणसं हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा एकमेकांना विचारत असतात. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, पण भिंत बोलकी होती. छातीपर्यंत ताजा पिवळा रंग आणि त्याच्या वर जुना, विटलेला पोपटी. मधली रेघ ओळंब्याने मारावी तशी चारी भिंतींवर सरळ. विजेचे सगळे प्लग डोक्याच्या उंचीवर. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर स्टूल घ्यावं लागलं असतं.

"2019 ला पाणी आलं होतं का हो इथं?"

"छे! पायरीला सुदिक लागलं न्हाई."

"आणि 2021 ला?"

"त्या साली आमी गावाला होतो."

"मग हे प्लग एवढे वर का?"

"ल्हान पोरं हात लावत्यात न्हवं." धाकटा मुलगा तेवढ्यात आतून आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

मग मी नदीचा नाद सोडून पेठांकडे वळलो. मंगळवार पेठेत एक जुनं घर मिळालं. खाली मालक, मागच्या बाजूला दोन खोल्या आणि मोरी, वर माडी. मालक उद्यमनगरात उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले. त्यांनीही गाव विचारलं, सिन्नर ऐकून सुस्कारा सोडला आणि शेवटचा उपाय म्हणून म्हणाले, "मंडळींचं म्हायेर?"

"कराड."

"कराडात कुठं?"

पुढची वीसेक मिनिटं त्या संभाषणात माझी गरज नव्हती. बायको आणि मालकीणबाई, म्हणजे मावशी, यांनी मिळून कराड गल्लीगल्लीने तपासलं आणि अखेर मावशींच्या जावेचे भाऊ बायकोच्या मामांचे शेजारी निघाले. "मग हे आदी सांगायचं न्हवं!" मालक माझ्यावरच उखडले. घर तिथेच निम्मं मिळालं होतं.

उरलेलं निम्मं आडनावावर अडलं होतं. याच शहरात खोली मिळत नाही म्हणून बहुजनांच्या पोरांची शाळा सुटू नये, यासाठी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली काही अजून दिसतात. त्या चौकातून चालत जाऊन मी घर बघायला गेलो आणि दुसरा प्रश्न आला, "आडनाव?" माझं चालणाऱ्यांतलं निघालं. ज्यांचं चालत नाही त्यांना खोली "कालच गेली" असं सांगितलं जातं. विनोदी लेखात हे वाक्य टोचतं, पण खोली शोधणाऱ्याला ते रोज टोचतं, म्हणून राहू दे.

यानंतर आला तो खरा पेपर. "खाणंपिणं कसं काय?"

या प्रश्नाची तयारी मी पुण्या-मुंबईच्या अनुभवावर केली होती. तिकडे या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळतात. मी ताठ बसून सांगितलं, "आम्ही दोघंही पूर्ण शाकाहारी."

कट्ट्यावर शांतता पसरली. मालकांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी पदर सारखा केला. "डाक्टरनं बंद केलंय व्हय?" त्यांनी अत्यंत मायेने विचारलं.

"नाही, पहिल्यापासूनच."

"आणि तांबडा रस्सा? नुसता पांडरा रस्सा तरी?"

"नाही."

"आसू दे," मालक म्हणाले. त्यांच्या स्वरात घरातल्या आजारी माणसाला धीर देणारा कणखरपणा होता. "मानूस म्हनलं की काय तरी आसतंच."

फुटबॉलचा प्रश्न तोंडी परीक्षेत नव्हता, तो प्रात्यक्षिकात निघाला. या शहरात तालमीच्या नावाचे संघ फुटबॉल खेळतात आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना शाहू स्टेडियमवर असला की दोन पेठांमधलं बोलणं मोजकं होतं. आम्ही मंगळवार पेठेत राहायला आलो म्हणजे पाटाकडीलचे झालो. याबाबत आमचं मत कोणी विचारलं नाही. करारात लिहिलेलंही नाही.

आता करार. अकरा महिन्यांचा, हे मालकांनी घर दाखवतानाच तीनदा सांगितलं होतं. या अकराचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून देशभराने एक महिना वाचवला. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला आणि अकरा महिने असोत की महिना, करार लेखी आणि नोंदलेला हवा असं ठरलं. आकडा मात्र राहिला. आमच्या मालकांकडे त्याचं वेगळं कारण होतं.

"बारा म्हैनं झालं की कूळ लागतं."

"ते शेतजमिनीला हो. घराला नाही."

"आमच्या आज्जाला बी आसंच सांगितल्यालं."

1 एप्रिल 1957 ला कूळ कायद्याने कसणारा जमिनीचा मालक झाला, त्यात आजोबांची चार एकर गेली. तेव्हापासून या घरात कोणाही परक्याला काहीही वर्षभर देत नाहीत. शिडीसुद्धा.

तरीही करार रीतसर नोंदवायचा असा मी हट्ट धरला. हल्ली निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. तो आला. माझा अंगठा उठला, बायकोचा साक्षीदार म्हणून उठला. मालकांचा उठेना. लेथवर लोखंड घासता घासता रेषाच पुसल्या होत्या. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, मावशींनी खोबरेल लावलं, मुलाने "काका, जरा दाबून" म्हटलं. मालकांनी असा दाबला की यंत्राचं झाकण निसटलं. मग बाकीची बोटं झाली. यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी आणि मालक प्रत्येक वेळी माझ्याकडे संशयाने बघत. शेवटी मुलगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दुसरं मशीन आणतो." तोवर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून ठेवल्या. तो पुढचा आठवडा अजून यायचा आहे.

राहण्यातलं पाण्याचं प्रकरण थोडक्यात सांगतो. "थेट पाइपलाइन" हा शब्द या शहराने वर्षानुवर्षं ऐकला आणि 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी खरोखर आलं. काळम्मावाडीहून आमच्या मालकांच्या टाकीपर्यंत ते थेट येतं. तिथून पुढे आमच्या मोरीपर्यंतच्या टप्प्यात एक व्हॉल्व्ह आहे आणि तो मालकांच्या पहाटेच्या आंघोळीनंतर उघडतो.

भाडेकरूच्या खाजगीपणाबद्दल विचाराल तर मावशी दार वाजवत नाहीत, दारातून बोलत बोलतच आत येतात. "मी म्हनलो, बगून तरी येतो, ह्या पोरीनं काय केलंय!" आमच्याकडे पाहुणे आले की ते किती दिवस राहणार, ही चौकशी मालक आम्हाला न करता थेट पाहुण्यांना करतात, आणि उत्तर कमी दिवसांचं आलं तर रागावतात. ही माणसं भाडेकरू ठेवत नाहीत, नातेवाईक ठेवतात आणि त्यांच्याकडून दरमहा भाडं घेतात.

आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा आली. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं, पी-ढबाक वाजवायचं आणि मग गल्लीचं मटण. प्रत्येक घराची वर्गणी, प्रत्येक घराला वाटा. मी शाकाहारी असल्याचं कार्यकर्त्याला सांगितलं. "वर्गणीत व्हेज-नॉनव्हेज नसतंय, साहेब," तो म्हणाला आणि पावती फाडली. संध्याकाळी आमच्या नावाचा वाटा दारात आला. मी तो घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी झाकण उचलून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कराडच्या नात्याने जे साधलं नव्हतं ते त्या दिवशी साधलं. दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होते की घर द्यावं तर शाकाहारी माणसालाच द्यावं.

एवढं होऊनही अकरा महिने भरल्यावर भाडं वाढलं. कारण मोठं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे आसपासचे जिल्हे इथे जोडले गेले आणि वकिलांना खोल्या लागू लागल्या. मालकांना माडीसाठी विचारणा येऊ लागल्या. वकिलाला घर देऊ नये हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण एका बाजूला आणि तो सांगेल ते भाडं देतो हे दुसऱ्या बाजूला. या पेचात सध्या ते रोज संध्याकाळी माझा सल्ला घेतात. मी रोज एकच सांगतो, वकील नको.

कारण भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 मी वाचलेलं आहे. करार नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. म्हणजे त्या लाल दिव्यापासून आमच्या घराचा कायदा माझ्या जिभेवर आहे, आणि हे मालकांना ठाऊक नाही. दुसरं यंत्र आणायची आठवण मी त्या मुलाला अधूनमधून करतोच. तोवर सर्किट बेंचला येणाऱ्या तमाम वकीलबंधूंना एवढीच विनंती आहे की ताराबाई पार्कात बघा, रुईकर कॉलनीत बघा, राजारामपुरीच्या गल्ल्या बघा. मंगळवार पेठेतली आमच्या मालकांची माडी तेवढी बघायला येऊ नका.