दीडपट आई

आई कराडला असते, मी ठाण्याला. आमच्या मधे खंबाटकी आहे, खंडाळा आहे आणि रोज सकाळी नऊच्या सुमाराला येणारा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आहे.

त्याची सुरुवात "हॅलो, ऐकू येतंय ना?" अशी होते. मग ती थांबते, मी 'हो' म्हणेन म्हणून. मी अर्थातच म्हणत नाही, तरी तिचं समाधान होतं आणि "हां, तर काय झालं," म्हणून ती विषयाला हात घालते. विषय असतो गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक. पण तिथवर पोचायच्या आधी प्लंबर, प्लंबरच्या मेहुणीचं लग्न, त्या लग्नातल्या मठ्ठ्याची चव असे थांबे लागतात. आईचा मेसेज म्हणजे साधी एस.टी., हात दाखवेल तिथे थांबणार. मागे कुकर लागलेला असतो. शिट्टी झाली की ती वाक्य तोडून "दोन" म्हणते आणि तो आकडाही माझ्यापर्यंत ठाण्याला येतो.

2021 साली व्हॉट्सॲपने व्हॉइस मेसेज भरभर ऐकायची सोय दिली, दीडपट किंवा दुप्पट. पहिल्याच आठवड्यात मी आईला दीडपट केलं. पूर्वी कॅसेट भरभर फिरवली की चांगल्या घरातला माणूस चिमणीसारखा चिवचिवायचा. यात पट्टी तीच राहते, फक्त घाई वाढते. त्यामुळे आई आईसारखीच वाटते, नुसती तिची गाडी सुटायची वेळ झालेली असते. आठ-पंधरा दिवसांत मी तिला दुप्पट केलं.

मग घरात कशालाच मूळ वेग उरला नाही. बातम्या दीडपट, मुलाखती दीडपट, पुढाऱ्यांची भाषणं दुप्पट (त्यात काही बुडत नाही). नववीतला मुलगा शिकवणीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतो आणि वर्गातले सर 'अडकल्यासारखे' बोलतात अशी तक्रार करतो. मी एकदा बडा ख्यालही दीडपट लावून पाहिला. ख्याल बधला नाही, विलंबितच राहिला. खरी पंचाईत समोरासमोर होते. लिफ्टमध्ये तळमजल्यावरचे काका बोलायला लागले की माझा अंगठा आपोआप हवेत बटण शोधतो.

हे सगळं ज्या बाईच्या बाबतीत मी करत होतो, तिने उमेदीची वर्षं ट्रंक ऑपरेटर म्हणून काढलेली आहेत, हे मी विसरलो होतो. 1960 साली लखनौ-कानपूरच्या लोकांना देशातली पहिली एसटीडी मिळाली. आमच्याकडे ती पोचायला बराच काळ गेला. तोवर परगावी बोलायचं तर कॉल बुक करायचा आणि फोनशेजारी बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. आम्ही भावंडं न्हाणीघराच्या दारावर "लाइटनिंग!" म्हणून थापा मारायचो. आई कानाला हेडफोन लावून बसायची आणि तीन मिनिटं भरली की मधे पडून "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणायची. तेवढ्यात लोक बारसं, गुळाचा भाव आणि मयत, सगळं उरकायचे. तेव्हाचा अख्खा महाराष्ट्र स्वखर्चाने दुप्पट वेगाने बोलत होता.

14 जुलै 2013 ला देशातली तार बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. शब्द मोजून पैसे घेणारी सोय गेली, हवं तेवढं बोला म्हणणारी आली, एकाच पावसाळ्यात. आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं मोजलेल्या बाईला पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता बोलता आलं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या मुलाला वेळ नव्हता.

परवा तिचा चक्क फोन आला.

"नऊ वाजून दोन मिनिटांनी मेसेज पाठवला," आई म्हणाली. "सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा. नऊ वाजून सहाला तुझं 'बरं' आलं."

मी गप्प.

"उरलेली दोन मिनिटं चाळीस सेकंद कुठं गेली?"

मी कबुली दिली. लोकलमध्ये होतो, गर्दी होती, वगैरे.

"अरे, मला काय सांगतोस? तुझ्या मामाला मी दुप्पटच ऐकते. एकेका शब्दाला पाणी पितो तो." मग जरा थांबून म्हणाली, "पण मला वाटलं होतं, मला तू दीडपट तरी ऐकत असशील."

यावर उत्तर नव्हतं.

"शेवटी काय म्हणाले मी, सांग."

"बॉलकॉक बदलला," मी ठोकून दिलं.

"बॉलकॉक कालचा."

विषय बदलावा म्हणून मी माझा गुडघा काढला. गुडघ्यावरून डॉक्टर, डॉक्टरवरून बिल, बिलावरून ऑफिस, ऑफिसवरून मुलाचे गणितातले मार्क. गाडी चांगली रंगात आली होती. तेवढ्यात पलीकडून, हेडफोनमधल्या त्या जुन्या, कोणाचीच ओळख नसलेल्या आवाजात आई म्हणाली,

"थ्री मिनिट्स ओव्हर."

मी दचकून थांबलो.

"वाढवायचं?"

"वाढव."

"मग आता माझं ऐक. प्लंबरची ती मेहुणी..."

मागे शिट्टी झाली.

"एक," आई म्हणाली.