पाचव्या पिढीच्या आयपॉडास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री आयपॉडराव, पिढी पाचवी, मुक्काम टेबलाचा सर्वांत खालचा खण, यांस कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, जिममधल्या मंडळींनी रावांची रवानगी फार घाईने केली आणि त्याची फळे आता ट्रेडमिलवर दिसू लागली आहेत.

रावांचा अवतार १२ ऑक्टोबर २००५ चा. पडदा अडीच इंची, वजन १३६ ग्रॅम, पोटात ३० जीबीची डिस्क. हातात धरून चित्रपट दाखवणारी यंत्रे आर्कोस आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांनी आधीच काढली होती. पण रावांनी येताना मालिकांचे दुकानही सोबत आणले. अमेरिकेत रात्री टीव्हीवर झालेला ‘लॉस्ट’ मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी १.९९ डॉलरला मिळू लागला आणि वीस दिवसांच्या आत दहा लाख व्हिडिओ खपले. त्यातली खरी गंमत जिमवाल्यांना कळली. जाहिराती गाळल्या की तासाभराचा भाग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा उरतो. पाच मिनिटे सावकाश चाल, अर्धा तास दामटून, उरलेल्या वेळात दम खाणे आणि घाम पुसणे. वेळापत्रक मालिकेच्या लेखकानेच आखून दिले.

ट्रेडमिलला अशा सोबतीची गरज जन्मापासूनच होती. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास पायाने फिरवायचे हे चक्र काढले ते कैद्यांसाठी. पायऱ्या चढत राहायच्या, पोहोचायचे कुठेच नाही. शेजाऱ्याशी बोलता येऊ नये म्हणून पुढे कैद्यांच्या मध्ये फळ्या ठोकल्या गेल्या. १८९५ साली ऑस्कर वाइल्डच्या नशिबी पेंटनव्हिल तुरुंगात हेच चक्र आले. १८९८ च्या कायद्याने ही शिक्षा इंग्लंडमधून हद्दपार केली. आता तशाच चालीसाठी लोक महिन्याची फी भरतात आणि मधली फळी स्वतःच्या खर्चाने, इयरफोन लावून उभी करतात. (तालमीत अशा सोबतीचा प्रश्न कधी आलाच नाही. जोर मारताना पडदा ठेवणार कुठे?)

शरीरशास्त्राला मात्र रावांचे कौतुक नव्हते. धावताना दर पावलाला डोके वर-खाली होते. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तेवढेच डोळे उलट फिरवते, म्हणून समोरचा रस्ता हादरताना दिसत नाही. वस्तू लांब असली की डोळ्यांना जरासेच फिरावे लागते. हातभर अंतरावरच्या पडद्यासाठी बरेच जास्त. त्यातून पडदा काडेपेटीपेक्षा किंचित मोठा. मग मान खाली जाते, खांदे पुढे येतात, एक हात दांडी धरतो आणि संवाद ऐकूनच कथा समजून घ्यावी लागते. सायकलवर बसणाऱ्यांचे बरे, त्यांचे डोके जागच्या जागी असते.

रावांच्या पोटातही धडधड होतीच. मिनिटाला ४,२०० फेरे घेणारी डिस्क आणि तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगणारी वाचन-सुई! गाणी चालू असताना डिस्क थोडे फिरून पुढची गाणी मेमरीत भरून ठेवी आणि निजे. व्हिडिओची भूक कित्येक पट मोठी, म्हणून तिला दर काही मिनिटांनी उठावे लागे, नेमके मालक उड्या मारत असताना. बॅटरीही ३० जीबीच्या रावांची कंपनीच्या हिशेबाने फार तर दोन तास चाले. २००७ साली ४९ ग्रॅमचे, डिस्कच नसलेले धाकटे बंधू नॅनो व्हिडिओ घेऊन आले तेव्हा पोटाचा प्रश्न सुटला. पडदा मात्र दोनच इंचांचा झाला.

आणि तरीही रावांनाच परत बोलवायचे आहे, ते या उणिवांसाठीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग रावांनी जरूर पाहावा. त्यांच्याच कुळाचे पराक्रम त्यात आहेत. काही लोकांना आयपॉडवर रंजक कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण तो आयपॉड जिममध्येच कुलूपबंद ठेवला. पुढे काय झाले हे कळायला जिममध्ये जाण्यावाचून गत्यंतर नाही! सुरुवातीला या लोकांच्या जिमच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. नोव्हेंबरातली थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि उत्साह ओसरला, हेही खरे. पण प्रयोग संपल्यावर ६१ टक्के लोक पदरचे पैसे मोजून आयपॉड जिममध्येच अडकवून घ्यायला तयार होते. प्रयोग कादंबऱ्यांचा होता, व्हिडिओचा नव्हे. पण आमिषाची जात एकच.

रावांचे वारस या कामाला नालायक आहेत. फोनला जिमच्या कपाटात कोंडणार कसे? त्यातच कार्यालयाचे निरोप, रिक्षाचे पैसे आणि सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. अर्धवट सोडलेला भाग अंथरुणात लोळून पुरा करता येतो, मग ट्रेडमिलपर्यंत जायचे कशाला? जे जातात ते यंत्राच्या गादीवर बसून रील सरकवतात आणि मागे रांग लागते. रीलला शेवट नसतो, त्यामुळे ‘भाग संपला, आता उतरू या’ असा क्षणही येत नाही. रावांकडे भाग संपायचा, नाहीतर बॅटरी संपायची. दोन्ही वेळा माणूस आंघोळीला जायचा.

कंपनीने १० मे २०२२ रोजी आयपॉड घराण्याच्या शेवटच्या वंशजाचेही उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा नव्या नेमणुकीची आशा नाही. सबब रावांनीच निवृत्तीतून परत यावे. निवासाची सोय जिममधल्या लोखंडी कपाटात करू. किल्ली स्वागतकक्षात राहील. घरी नेले जाणार नाही, याची हमी.

कळावे, लोभ असावा.

ता. क. येताना इयरफोन घेऊनच यावे. आजकाल बऱ्याच फोनांना वायरीचे भोकच नसते, त्यामुळे घरात कुणाकडे उसने मिळतील असे दिसत नाही.