पारा पाडून मिळणेबाबत

प्रति,
मा. किमान तापमापक साहेब,
गहू संशोधन केंद्र, कुंदेवाडी,
ता. निफाड, जि. नाशिक.

विषय : मित्राच्या पन्नाशीनिमित्त जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी पारा सहा अंशांवर आणून मिळणेबाबत.

संदर्भ : आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संमत झालेला ठराव (बरेच अंगठे, थोडे केक आणि एक ‘घरी विचारून सांगतो’).

महोदय,

स. न. वि. वि. आपण आम्हाला ओळखत नाही, पण आम्ही आपल्याला चांगलेच ओळखतो. वर्षातले नऊ-दहा महिने आपण काय दाखवता याच्याशी उभ्या महाराष्ट्राला काही देणेघेणे नसते. दिवाळीचा फराळ संपला, उत्तरेकडून कोरडे वारे सुटले, की आपले दिवस येतात. ‘निफाड गारठले’, ‘निफाडचा पारा घसरला’ असे मथळे पहिल्या पानावर झळकू लागतात. या राज्यात रुपया घसरला तर बोंब, निकाल घसरला तर बोंब, कांद्याचा भाव घसरला तर रास्ता रोको. घसरल्याबद्दल कौतुक होणारे सार्वजनिक जीवनात आपण एकटेच. म्हणून हा अर्ज थेट आपल्याकडे.

आता अर्जदारांविषयी. आम्ही ठाणे, डोंबिवली आणि पुणे इथे पांगलेले वर्गमित्र. थंडीच्या बाबतीत हवामान खात्याने माणसांची आधीच वर्गवारी करून ठेवली आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावे आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असावे, तेव्हा कुठे थंडीची लाट जाहीर होते. किनारपट्टीच्या लोकांना मात्र १५ अंशांवरच कुडकुडण्याची सवलत आहे. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती. त्या एका पहाटेच्या पुण्याईवर मुंबई आणि आसपासची गावे अजून स्वेटर विकत घेतात. पुणेकर मित्रांचे दुखणे वेगळे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले आणि त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्याने सिमलाच आणून ठेवलेले असताना थंडीसाठी निफाडपर्यंत तडफडत जायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता. ऑफिस आले, हवा तिकडेच राहिली, हे पटवून देण्यात ग्रुपची एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली.

प्रसंग असा, की आमच्यातला एक जण पन्नास वर्षांचा होतो आहे. यापुढे त्याचा उल्लेख ‘उत्सवमूर्ती’ असा करतो; नाव छापले तर तो शनिवारच्या जेवणाचे बिल देणार नाही. तो एकोणपन्नासचा झाला तेव्हा आम्ही केकचे चित्र पाठवून मोकळे झालो होतो. अठ्ठेचाळीसचा झाला तेव्हा ते चित्रही दुसऱ्या ग्रुपवरून उचललेले होते आणि त्यावर भलत्याच कुणाला तरी शुभेच्छा होत्या. पण पन्नास म्हटल्यावर मोठी गाडी आली, हार आला, फ्लेक्स आला. माणूस तोच, त्याचा कुरकुरणारा गुडघा तोच, आम्हीही तेच. फक्त पाचावर शून्य चढले.

यात आमचे काही चुकते आहे असे समजू नये. आम्ही परंपरेलाच धरून आहोत. आपल्याकडे पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भौमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री असा रीतसर कार्यक्रम आखून ठेवलेला आहे. त्यापुढे सहस्रचंद्रदर्शन, हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात, एवढा हिशेबसुद्धा पूर्वजांनी करून ठेवला. ग्रह शांत होतात की नाही ते ग्रहांनाच ठाऊक. पण त्या निमित्ताने एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे चुलतभाऊ एका पंगतीला बसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आम्हा मंडळींना आकड्याशिवाय एकमेकांकडे जाताच येत नाही. उद्या कुणी ‘सहज आठवण आली म्हणून आलो’ म्हणत दारात उभा राहिला, तर घरात पहिली शंका अशी, की याला उसने पैसे हवेत.

थंडीचेही तसेच. चौदा अंशांना मफलर गुंडाळला तर शेजारी विचारतो, ‘बरे नाही का?’ वर्तमानपत्रात निफाडचे सहा छापून आले, की त्याच मफलरचा रुबाब होतो. उत्सवमूर्तीला पन्नासचा दाखला लागतो, आम्हाला सहाचा. दोन्ही दाखले जोडले की सहल कायदेशीर.

तयारी पूर्ण आहे. एकसारखे टी-शर्ट छापून आले आहेत. थंडी पडली तर ते स्वेटरखाली झाकले जातील, म्हणून ते स्वेटरवरून घालायचे ठरले आहे. निफाडजवळच्या रिसॉर्टच्या पॅकेजात उसाचा रस, हुरडा, बैलगाडीची फेरी, शेकोटी आणि ‘तरणतलावाचा मनसोक्त वापर’ एवढे येते. शेवटची ओळ मे महिन्याच्या जाहिरातीतून पुसायची राहिली असावी. निफाडकडे शिवारभर द्राक्षे आणि कांदा, त्यामुळे ज्वारीची कणसे नगरकडून येणार आहेत. हुरडा तसा साधा प्रकार. आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर गुळभेंडीची कणसे भाजायची, हाताला चटके बसत असतानाच ती तळव्यावर चोळायची आणि निघालेले हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर तोंडात टाकायचे. पॅकेजात कणीस चोळायला स्वतंत्र माणूस ठेवलेला आहे. आम्ही एक हात पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढायचा. गुळाबाबत ग्रुपवरच्या मधुमेही सदस्यांनी आपापसात बैठक घेऊन निर्णय दिला आहे, की सहलीतला गूळ अंगी लागत नाही.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. तापमान शनिवारी रात्रीच उतरावे. शुक्रवारी उतरून शनिवारी चढू नये. आगाऊ रक्कम परत मिळत नाही.

२. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब निरभ्र आकाशात सोडून देते तेव्हा पहाट गारठते. वर ढगांचे पांघरूण आले की सगळा बेत फिसकटतो, असे वाचनात आले. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा नेमका अशाच वेळी ढग पाठवतो. आपल्या ओळखीने त्याला आठवडाभर थोपवावे.

३. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव ऐन वेळी मथळा पळवतो. तिथे गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठले, की दुसऱ्या दिवशी फोटो येतो आणि निफाड आतल्या पानावर जाते. आपण पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर बसून इमानदारीने मोजता. ते दव मात्र थेट जमिनीला चिकटून गारठते, आणि तिथली हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड असते. स्पर्धा बरोबरीची नाही, असे पत्रक आपण काढावे. खाली आम्ही सह्या करू.

४. सहाच्या जागी ६.३ आले तर दशांश गाळावा. उत्सवमूर्तीच्या वयातले महिने आम्हीही गाळले आहेत.

आपल्याविषयी चौकशी करताना एक गोष्ट कळली आणि आदर दुणावला. वर्तमानपत्रे पारा पारा करतात, पण पारा असतो तो आपल्या शेजारच्या कमाल तापमापकात. आपल्या पोटात मद्यार्क. आपण रात्रभर आडवे पडून असता, मद्यार्क आक्रसत खाली जातो, जाताना आतली काचेची बारीक खूण बरोबर ओढून नेतो, आणि सकाळी ऊन चढले तरी ती खूण जिथवर खाली गेली तिथेच थांबते. आमची मित्रमंडळीही शनिवारी रात्री अशाच अवस्थेत आडवी होणार आहेत. फरक एवढाच, की आपण किती खाली गेलो होतो हे सकाळी आपल्याला नेमके सांगता येते.

आता अडचणीचा मुद्दा. आपला आकडा वाचणारे आम्ही एकटे नाही. आपले बिऱ्हाड गव्हाच्या केंद्रात. आपण खाली आलात की गहू खूश, त्याला फुटवे चांगले येतात. पण रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग आहे. तिथे फार गारठले की मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. म्हणून बागायतदार पहाटे उठतो, बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतो, विहिरीचे त्यातल्या त्यात कोमट पाणी ठिबकने सोडतो. म्हणजे आपण सहा दाखवलेत, तर त्या रात्री कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शेकोटी पेटलेली असणार. आमची पॅकेजातली, त्याची कर्जातली. आमची गाणी संपतील तेव्हा त्याची पहाट सुरू होईल.

हे लक्षात आल्यावर ग्रुपवर गंभीर चर्चा झाली आणि पाचवी मागणी पुढे आली : सहा अंश फक्त रिसॉर्टच्या आवारात पडावेत, बागेत दहा असावेत. हे तांत्रिकदृष्ट्या जमत नसेल, तर थंडी राहू द्या, आकडा तेवढा सहा दाखवा. छापील सहावर आम्ही व्यवस्थित कुडकुडू शकतो. अनुभव आहे.

रविवारी सकाळी नांदूरमध्यमेश्वरला जायचे आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे ते पाणी आपल्याच तालुक्यातले, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, थापट्या येतात, क्रौंच येतात. कितीतरी पाखरे हिमालय ओलांडून. यंदा आपली कितवी खेप, हे त्यातल्या एकानेही कुणाला कळवलेले नाही. तिकडचे पाणी गोठायला लागले, इकडे खायला मिळते, की निघाले. त्यांचा फ्लेक्सही दिसत नाही. उत्सवमूर्तीला पक्ष्यांचे हे वागणे जरा बेशिस्त वाटते.

शेवटची बाब नाजूक आहे. रिसॉर्टने ओळखपत्रे मागवली आणि उत्सवमूर्तीच्या आधार कार्डावर जन्मतारीख निघाली १ जून. ग्रुपवर खळबळ उडाली. पन्नाशी जानेवारीत आणि जन्म जूनमध्ये? मग एकेकाने आपापले कार्ड काढले. गावाकडच्या शाळेत गेलेल्यांपैकी आणखीही १ जूनवाले निघाले. शाळा जूनमध्ये भरायची. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचला की गुरुजी सहा वर्षे पूर्ण करून टाकायचे आणि रजिस्टरमध्ये १ जून लिहायचे. साल गुरुजींचे, महिना गुरुजींचा, वाढदिवसही गुरुजींचा.

मग जानेवारी आला कुठून? उत्सवमूर्तीच्या आईकडून. त्या बीडकडच्या. तारीख त्यांना सांगता येत नाही. त्या सांगतात, रानात हुरडा आला होता, घरात पाहुणे होते, आगटी पेटलेली होती आणि हा झाला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते तिसरे पीक की चौथे, यावर त्या आणि त्यांच्या जाऊबाई आजही भांडतात. याचा अर्थ उत्सवमूर्ती यंदा पन्नासचा असेल किंवा एक्कावन्नचा. गुरुजींना विचाराल तर तिसरेच काही. सहल रद्द करावी का, असा प्रश्न आला. टी-शर्ट छापून झाले असल्याने तो फेटाळण्यात आला.

तेव्हा साहेब, आमच्या सहलीचा पन्नास उत्सवमूर्तीच्या आईच्या भरवशावर आणि सहा आपल्या भरवशावर. त्यातल्या त्यात खात्रीची आहे ती ज्वारी. पूर्वी हुरड्याचे बोलावणे एवढेच असायचे : ‘हुरडा आलाय, या.’ दाणा निबर व्हायच्या आत, त्या थोड्या दिवसांत जायचे. कितवे वर्ष आणि किती अंश, हे यजमान विचारत नसे आणि पाहुणाही सांगत नसे.

आपण शनिवारी सहा दाखवा, नाहीतर बारा दाखवा, आम्ही येतो आहोत. उत्सवमूर्तीच्या आईही येणार आहेत. कणसे त्या स्वतः चोळणार आणि त्या चोळणाऱ्या माणसाला पंगतीला बसवणार, अशी त्यांची अट आहे. रिसॉर्टच्या नियमावलीत ती कुठे बसते याचा शोध चालू आहे.

फक्त एक विनंती. आकडा नसतानाही मित्राकडे जाता येते, ही गोष्ट पत्र खुले असले तरी आपल्या दोघांतच राहू द्या. बाहेर फुटली, तर फ्लेक्सवाले, टी-शर्टवाले आणि रिसॉर्टवाले रस्त्यावर येतील. आणि पुढच्या महिन्यात कुणी उगाचच दारात येऊन उभा राहिला, तर त्याला पैसे नको आहेत हे आम्ही ओळखायचे कसे?

आपला नम्र,
एक अर्जदार
(वय : गुरुजींच्या नोंदीप्रमाणे)