खोली दोघांची, गादी तिसऱ्याची

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राहण्याची पहिली झकास सोय झाली ती साहेबाची. मुंबईच्या गव्हर्नराला पावसाळा काढायला जागा हवी म्हणून १८६४ मध्ये गणेशखिंडीत बंगला बांधायला घेतला, आणि खर्च असा काही फुगला की इंग्रजांनीच बोंब ठोकली. एका माणसाचा चार महिन्यांचा मुक्काम, पण थाट केवढा! पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. आता त्याच ४११ एकरांत नांदेड, बुलढाणा, नंदुरबारहून पोरे बारा महिने राहायला येतात. जागा कमी पडायचीच. एकर तेवढेच राहिले, गव्हर्नर वाढले.

वसतिगृहाची यादी लागते, तीत आपले नाव नसते. मग पोरगा गाववाला शोधतो, गाववाल्याची खोली शोधतो आणि त्या रात्रीपासून पॅरासाइट होतो. हा शब्द त्यांचा त्यांनीच घेतला आहे, सरकारने दिला असता तर ‘अतिरिक्त निवासी लाभार्थी’ असला काहीतरी झाला असता.

पॅरासाइटाचे जगणे शिस्तीचे असते. दोन कॉटच्या मधल्या पट्टीत त्याची गादी रात्री अकरानंतर उलगडते आणि उजाडायच्या आत गुंडाळून कॉटखाली जाते. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत, कारण चेकिंगला आलेला माणूस माणसे मोजत नाही, चपलांचे जोड मोजतो. दिवसभर मुक्काम जयकर ग्रंथालयात. खोलीचा खरा मालक सेट-नेटची पुस्तके उशाशी घेऊन घोरतो आणि त्याच्या नोट्स हा काढतो. वर्षाअखेरीस बहुधा पास होतो तोही हाच.

प्रशासनाला हे ठाऊक नाही, असे कुणी समजू नये. चांगले ठाऊक आहे. पॅरासाइट नसते तर नवी वसतिगृहे बांधावी लागली असती. इतक्या स्वस्तात इतक्या पोरांची सोय करणारा कंत्राटदार निविदा काढूनही मिळणार नाही. तरी अधूनमधून धाड टाकावी लागते. एरवी नियम आहेत हे नियमांना कसे कळणार? २०१९ मध्ये रिफेक्टरीत एका ताटात दोघांनी जेवायचे नाही, असे फर्मान निघाले, तेव्हा पोरे आंदोलनाला उतरली. पोरांना अर्थशास्त्र कळत नाही, दुसरे काय! एका खोलीत तिघे झोपले तर ती अडचण, पण एका ताटात दोघे जेवले तर तो तोटा.

बाहेर राहा की, असे शहाणे लोक सांगतात. बाहेर म्हणजे पेठेतली कॉट बेसिस. अटी साध्या असतात. पाहुणा नको, अंडे नको, रात्री दहानंतर दिवा नको. भाडे सांगण्याआधी आडनाव मात्र विचारतात. आडनाव ऐकले की कधीकधी कॉट कालच गेलेली असते.

या कालच गेलेल्या कॉटवर सरकारने उपाय काढला आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यातले निवासाचे २०,०००, म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये आणि वर ६६ पैसे. एवढ्यात पुण्यात खोली मिळत नाही, ही निव्वळ अफवा आहे. मिळते, महिन्याचा पहिला आठवडा. उरलेले तीन आठवडे कुठे काढायचे, हे योजनेत लिहिलेले नाही, पण गाववाल्याला ते माहीत असते. हप्ता खात्यावर कधी पडेल तेही कळत नाही, आणि घरमालक तेवढा अभ्यासू नसतो.

माझी सूचना एवढीच की हा सगळा कारभार आता रीतसर करावा. पॅरासाइटांचीही गुणवत्ता यादी लावावी. वेटिंग असावे, स्पॉट राउंड असावा, माजी पॅरासाइटांचा मेळावा भरवून त्यात एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्याचा सत्कार करावा. गादीला टॅग, ६६ पैशांना पावती. अर्ज ऑनलाइनच घ्यावेत आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद ठेवावा, म्हणजे परंपरा राहील. अर्जासोबत दोन फोटो, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि पुण्यात सध्या राहतो त्या जागेचा भाडेकरार, घरमालकाच्या सहीनिशी.