रात्रीचं चूर्ण डॉक्टरांना सांगा

‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की दादर-लालबागचा माणूस साखरेची गोळी सांगतो, प्रेशरची सांगतो. झोपताना कोमट पाण्यातून घेतलेलं चूर्ण सांगत नाही. छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढायला आला तरी नाही! जडीबुटीने काय होतंय, हा समज आता सोडायला हवा.

डबीवरची बारीक अक्षरं वाचा. पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत खरं काम सोनामुखी करते. तिच्या पानांतल्या सेनोसाइड्सना मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, मग आतडं जोरात हलतं आणि सहा ते बारा तासांत पोट मोकळं होतं. चार दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने, मात्रा वाढवत घेतली की जुलाबावाटे पोटॅशियम वाहून जातं. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावं लागतं. त्याखाली बरंच उतरलं की पोटऱ्यांत गोळे येतात, अंगात त्राण राहत नाही, हृदयाचे ठोके चुकतात, कधी पळत सुटतात. प्रेशरसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात. ज्येष्ठमध भरपूर खाल्लं तर तेही घालवतं. आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर पोटॅशियम घटल्यावर नेहमीची मात्राही बाधू शकते.

सोनामुखीला मी वाईट म्हणत नाही. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन घेणाऱ्याचं आतडं मंदावतं, तिथे ती लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ती आहे. आयुर्वेदातसुद्धा विरेचन वैद्याच्या देखरेखीखाली करायचं असतं, ते काही रोजचं वरणभात नव्हे. आठवड्यापेक्षा जास्त दिवस ती आपल्या मनाने घेऊ नये. इसबगोल वेगळा, तो नुसता तंतू. भरपूर पाण्याबरोबर घ्यावा.

तेव्हा केईएमच्या ओपीडीत जा नाहीतर गिरगावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, चूर्णाची डबी पिशवीत टाका. धडधड होत असेल तर पोटॅशियम तपासायचं का, हे स्वतःहून विचारा. धडधडीबरोबर चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता तडक इस्पितळ गाठा.